एकच गुडघा, तीन फिजिओ, तीन सल्ले: बडोद्यातल्या पेशंटचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजार आणि रावपुऱ्याच्या मधल्या एका गल्लीत मी अठरा वर्षं फिजिओथेरपीचं क्लिनिक चालवते. पहिल्यांदाच फिजिओथेरपी घेणारं माणूस आता क्वचित येतं. बहुतेक जण काखेत फाइल घेऊन, आधी एक-दोन ठिकाणी जाऊन आलेले असतात, आणि दुखणं सांगून झालं की पुढचं वाक्य ठरलेलं: "ते तर म्हणाले होते जिना अजिबात चढायचा नाही, आणि तुम्ही म्हणता चढा!" तोंडी उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून इथे लिहून ठेवते आहे. मी त्याच धंद्यातली, तेव्हा माझं बोलणंही पारखूनच घ्या.

एकाच खांद्याला दोन फिजिओ दोन उपाय कसे सांगतात? एक तरी चुकतच असणार ना?

दर वेळी नाही. खांदा जखडतो, ज्याला आता सगळेच फ्रोझन शोल्डर म्हणतात, त्याचं घ्या. हे दुखणं टप्प्याटप्प्याने जातं. पहिले काही महिने दुखतंच फार, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. मग दुखणं उतरतं आणि जखडलेपण उरतं. शेवटी तेही हळूहळू सैल होतं. सगळं मिळून एक ते तीन वर्षं लागू शकतात, आणि मधुमेह असेल तर खांदा जास्तच चिवटपणा करतो. पहिल्या टप्प्यात तुम्हाला पाहणारा फिजिओ म्हणेल, "ताणू नका, नुसता झुलवा." पाच महिन्यांनी तुम्ही दुसऱ्याकडे गेलात तर तो म्हणेल, "आता ताणा." दोघांचंही बरोबर. पेशंट मात्र घरी जाऊन सांगतो की पहिल्याला काही कळतच नव्हतं.

पण खराखुरा फरकही आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी निरनिराळ्या देशांतले ९४ अभ्यास एकत्र करून पाहिले. प्रश्न साधा होता: हाडं-सांधे-स्नायूंच्या दुखण्यात मार्गदर्शक सूचना जे सांगतात, ते फिजिओ करतात का? ज्या अभ्यासांत फिजिओंनी स्वतः प्रश्नावली भरून दिली होती, तिथे सुचवलेले उपचार निवडणाऱ्यांचा मध्यक, म्हणजे सगळ्या अभ्यासांतला मधला आकडा, ५४ टक्के निघाला, आणि 'करू नका' असं ज्यांच्याबद्दल लिहिलंय तेच उपचार निवडणाऱ्यांचा ४३ टक्के. या दोन आकड्यांत एकच माणूस दोन्हीकडे असू शकतो, सकाळी हे आणि संध्याकाळी ते. हा काही फक्त आपल्या गावचा रोग नाही, एवढंच मला म्हणायचंय.

याचं एक कारण आमच्या कामाच्या जातीतच आहे. पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची गोळी मांडवीच्या दुकानातून घ्या नाहीतर अलकापुरीच्या, आत तेच असतं. 'गुडघ्याचा व्यायाम' मात्र दर वेळी ताजा शिजवावा लागतो. बडोद्यातल्या मराठी घरांत आमटी सगळीकडे होते, पण गूळ किती घालायचा यावर दोन सख्ख्या जावांचंही एकमत नसतं. आमच्याकडे कोणता व्यायाम, किती वेळा, किती वजनाने, कधी वाढवायचा आणि कधी थांबायचं, हे सगळं त्या त्या माणसाच्या अंदाजावर. शिवाय साखर मोजायला लॅब असते. तुमचा खांदा कुठल्या रचनेमुळे दुखतोय हे सांगणारी रक्ताची तपासणी नाही. ते हातांनी, डोळ्यांनी आणि विचारपूस करूनच शोधायचं.

मग चांगला फिजिओ ओळखायचा कसा? पहिल्या दिवशी तर सगळेच गोड बोलतात.

म्हणूनच पहिल्या दिवसावर जाऊ नका. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला काय होतं ते बघा.

पहिल्या दिवशी प्रश्न विचारले जातील, हात-पाय वाकवून बघतील, कागद भरतील. ते बऱ्याच ठिकाणी होतं. कागद भरताना त्यात आकडे आहेत का, हे पाहा. खांदा किती अंशांपर्यंत वर गेला, हे गोनिओमीटर नावाच्या कोनमापकाने मोजतात. तो प्लास्टिकचा आणि स्वस्त असतो. म्हातारं माणूस असेल तर खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जायचं, वळून परत येऊन बसायचं, याला किती सेकंद लागले ते घड्याळ लावून बघतात. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. तीस सेकंदांत हात न टेकता खुर्चीतून किती वेळा उठता येतं, हीही तशीच चाचणी. यातल्या एकालाही महागडं मशीन लागत नाही.

आता दुसरी किंवा तिसरी खेप. आधी मोजलेलं पुन्हा मोजलं का? "व्यायाम केल्यावर रात्री कसं होतं?" असं विचारलं का? उत्तर ऐकून काही बदललं का? की तुम्ही आत शिरताच कोणीतरी म्हणालं, "बसा काकू, तीन नंबरच्या बेडवर," आणि कालचंच मशीन कालच्याच जागी लावलं? दोन फिजिओंमधला जो फरक पेशंटच्या पदरात पडतो, तो मी पाहिलेल्यांत बहुतेक वेळा इथेच असतो. पहिला अंदाज सगळ्यांचा चुकू शकतो. तो चुकला हे कळायची सोय काहींनी करून ठेवलेली असते, काहींनी नाही.

मी स्वतः ती ठेवली नव्हती, ते सांगते. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एक शिंपीकाका खांदा दुखतो म्हणून यायचे. तीन आठवडे मी त्यांच्या खांद्याला शेक दिला, मशीन लावलं, दोरी-कप्पीचे व्यायाम दिले. फरक शून्य. काका सज्जन, म्हणायचे, "थोडं बरं आहे ताई." एक दिवस वाट बघत बसलेले असताना पाहिलं, हात डोक्यावर ठेवून अगदी आरामात बसले होते. जखडलेल्या खांद्याचा माणूस असा बसूच शकत नाही. मानेतली नस दबली असेल तर मात्र हात डोक्यावर घेतल्याने नेमका आराम पडतो. दुखण्याचं मूळ मानेत होतं. वाईट याचं वाटलं की काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "हात डोक्यावर ठेवला की झोप लागते." मी ते माझ्या अक्षरात लिहिलंही होतं. तीन आठवड्यांत तो कागद मी पुन्हा उघडला नव्हता.

ज्यांच्याकडे जास्त मशिनं, ते क्लिनिक चांगलं ना?

या प्रश्नावर माझा जीव अडकतो, कारण माझ्याकडेही मशिनं आहेत.

आधी नावं सांगते. पॅड लावून मुंग्या येतात ते आयएफटी किंवा टेन्स; पेशंट त्याला 'करंट' म्हणतात. जेल लावून गोल फिरवतात ते अल्ट्रासाऊंड. दोन गाद्यांसारख्या पॅडमधून खोल शेक येतो ते शॉर्टवेव्ह डायथर्मी. कंबर किंवा मान पट्ट्याने खेचतात ते ट्रॅक्शन. जुनाट कंबरदुखीबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात समजावून सांगणं, व्यायाम, मसाज, मणक्याचे सांधे हातांनी दाबून-हलवून मोकळे करणं (मॅनिप्युलेशन) यांच्या बाजूने शिफारस आहे. ट्रॅक्शन, अल्ट्रासाऊंड, टेन्स आणि कमरेचा पट्टा यांच्या विरुद्ध. उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१६ मध्येच कंबरदुखीसाठी अल्ट्रासाऊंड, टेन्स, आयएफटी आणि ट्रॅक्शन देऊ नका असं म्हटलं होतं.

मग ही मशिनं अजून गल्लोगल्ली का? हिशेब सोपा आहे. एका पेशंटला व्यायाम शिकवायचा तर अर्धा तास मी त्याच्याजवळ उभी हवी. मशीन लावलं की तो पंधरा-वीस मिनिटं आपोआप झोपून राहतो, तेवढ्यात मी दुसऱ्याला बघते. भाडं, लाइट बिल, मदतनीस मुलीचा पगार यांचं गणित त्याने जुळतं. दुसरं कारण तुम्ही. रागावू नका. नुसता व्यायाम दिला तर पेशंट जिना उतरताना म्हणतो, "काही केलंच नाही, नुसतं बोलल्या, आणि पैसे घेतले." शेजारच्या मोटीबेन तर दारातूनच सांगतात, "बेन, जरा शेक आपी दो ने!" उबेने बरं वाटतं हे खरंच आहे. व्यायामाआधी दहा मिनिटं शेक घेतला तर आखडलेलं अंग थोडं सैल होतं, माझी काही हरकत नाही. तीच ऊब गरम पाण्याच्या पिशवीतूनही मिळते.

सगळी मशिनं फुकट जातात असंही नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मांडीचा स्नायू झोपी गेलेला असतो, तेव्हा त्याला विजेच्या झटक्यांनी जागं करून सोबत व्यायाम करवला तर उपयोग होतो. त्यात मशीन व्यायामाच्या जोडीला असतं.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. पेसमेकर असेल तर मशीन लावायच्या आधी स्वतःहून सांगा, कोणी विचारो न विचारो. शरीरात धातूची प्लेट किंवा स्क्रू असेल तर शॉर्टवेव्ह त्या जागी नको. आणि मधुमेहामुळे पावलं बधिर झाली असतील तर कुठलाही शेक सांभाळून, कारण भाजलेलं कळतच नाही.

आम्ही तीस वर्षांचा अनुभव असलेल्यांकडेच जातो. बरोबर ना?

असेलही. अनुभवाची किंमत मी कमी करणार नाही, माझी स्वतःची अठरा वर्षं आहेत! पण २००३ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला. ज्यांचे पेशंट खरोखर जास्त सुधारतात असे फिजिओ आकडेवारीतून वेगळे काढले आणि त्यांच्यात काय सारखं आहे ते पाहिलं. नोकरीच्या वर्षांनी त्यांना वेगळं ओळखता आलं नाही. सारखं होतं ते हे की पेशंटला सोबत घेऊन विचार करायचे, स्वतःच्या कामाकडे पुन्हा वळून बघायचे, इतरांना विचारायला लाजायचे नाहीत. तीस वर्षांचा अनुभव आणि एकच वर्ष तीस वेळा, यातलं काय ते बाहेरच्या पाटीवरून कळत नाही.

पाटीवर बीपीटी, एमपीटी आणि पुढे पाच-सहा अक्षरं असतात. त्यांचा अर्थ काय? आणि 'डॉ.' का लावतात?

बीपीटी (बॅचलर ऑफ फिजिओथेरपी) ही पदवी. आतापर्यंत चार वर्षं आणि सहा महिने इंटर्नशिप अशी होती. २०२५ च्या नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात इंटर्नशिप वर्षभराची करून एकूण पाच वर्षं केली आहेत. एमपीटी (मास्टर ऑफ फिजिओथेरपी) म्हणजे त्यावर दोन वर्षं, एखाद्या शाखेत: हाडं-सांधे, मज्जासंस्था, हृदय-श्वसन, खेळाडू, लहान मुलं वगैरे. पुढची अक्षरं बहुधा छोट्या कोर्सची असतात. त्यातले काही महिनोन्‌महिने चालणारे, काही शनिवार-रविवारचे. सुई टोचण्याचा किंवा कपिंगचा दोन दिवसांचा कोर्स करून सोमवारी प्रत्येक पेशंटच्या पाठीवर कप लावणारे आमच्यात आहेत.

'डॉ.'चा वाद ताजा आहे. त्याच २०२५ च्या अभ्यासक्रमात नावाआधी 'डॉ.' आणि नावानंतर 'पीटी' लावण्याची मुभा आली. सप्टेंबरमध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने त्याला हरकत घेणारं पत्र काढलं आणि लगोलग मागेही घेतलं. माझ्या पाटीवर नुसतं नाव आहे. सासऱ्यांना ते आवडत नाही.

तुमच्या कामाचा प्रश्न वेगळा आहे: नोंदणी आहे का? गुजरातमध्ये फिजिओथेरपी कौन्सिलचा कायदा २०११ चा आहे. देशपातळीवर कायदा आला तो २०२१ मध्ये. म्हणजे डॉक्टर-वकिलांच्या मानाने आमच्यावर लक्ष ठेवणारी यंत्रणा अगदी कोवळी. दर्जा इतका वर-खाली असण्यामागे हेही एक कारण आहे, आणि त्याबद्दल फार कोणी बोलत नाही. नोंदणी क्रमांक विचारणं यात अपमान नाही. जो चिडेल त्याच्याकडून काढता पाय घ्या.

दहा सिटिंगचं पॅकेज घेतलं तर स्वस्त पडतं. घ्यावं का?

पहिल्याच दिवशी, तपासणीच्या आधीच पॅकेज सांगितलं तर नको. किती सिटिंग लागतील हे तेव्हा कोणालाच ठाऊक नसतं. तीन-चार खेपांचे पैसे द्या, मग आकडे बघून पुढचं ठरवा. नवरात्रानंतरच्या आठवड्यात माझ्याकडे गरब्याच्या गुडघ्यांची आणि मुरगळलेल्या घोट्यांची रांग लागते. त्यातल्या अनेकांना दोन खेपा आणि घरचा व्यायाम पुरतो. दहा कशाला?

एमआरआयमध्ये डिस्क, म्हणजे मणक्यांमधली गादी, बाहेर आली आहे. एक म्हणतात झोपून राहा, दुसरे म्हणतात चाला. कोणाचं ऐकू?

चाला म्हणणाऱ्याचं, बहुतेक वेळा. अपवाद खाली वेगळ्या प्रश्नात आहेत, ते जरूर वाचा.

एमआरआयच्या कागदाने माणसं जितकी घाबरतात तितकी दुखण्यानेही घाबरत नाहीत. २०१५ मध्ये, कंबर अजिबात दुखत नसलेल्या तीन हजारांवर लोकांच्या मणक्यांच्या तपासण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. विशीतल्यांपैकी ३० टक्क्यांच्या आणि ऐंशीच्या घरातल्यांपैकी ८४ टक्क्यांच्या डिस्क फुगलेल्या निघाल्या. दुखत नसताना! केस पांढरे होतात, तसंच हे आतलं पिकणं.

त्याहून गमतीची गोष्ट २०१७ सालची. कंबरेतून पायात कळ जाणाऱ्या ६३ वर्षांच्या एका बाईंना तीन आठवड्यांत न्यूयॉर्कच्या आसपासच्या दहा वेगवेगळ्या केंद्रांत एमआरआयला पाठवलं. दहा अहवालांत मिळून ४९ वेगवेगळे दोष लिहून आले. त्यातला एकही दोष दहाच्या दहा अहवालांत नव्हता. आता हे अहवाल घेऊन त्या बाई दहा फिजिओंकडे गेल्या असत्या तर काय झालं असतं याची कल्पना करा. फिजिओंमधला फरक कित्येकदा फिजिओच्या दारात पोचायच्या आधीच सुरू झालेला असतो. म्हणून जो फक्त रिपोर्ट वाचून व्यायाम देतो, तुम्हाला उभं करून, वाकवून, पायाच्या अंगठ्यातला जोर तपासून बघत नाही, त्याच्याकडून उठा.

गुडघा बदललाय. घरी फिजिओ बोलवावा की क्लिनिकला जावं?

पहिले दोन-तीन आठवडे घरी, मग जमेल तसं बाहेर. घरी येणारा तुमचा खरा जिना, खरा संडास, खरी खाट बघतो, हा मोठा फायदा. आपल्या जुन्या वाड्यांचे जिने असे उभे असतात की क्लिनिकातल्या तीन पायऱ्यांवरचा सराव तिथे हसण्यावारी जातो. तोटा असा की घरी चहा होतो, गप्पा होतात आणि वजन वाढवायचं राहून जातं.

या ऑपरेशननंतर सगळ्यांचं लक्ष 'किती वाकला' याकडे. दोन आठवड्यांत ९० अंशांच्या आसपास यावा, पुढे खुर्चीतून सहज उठायला १०० च्या पुढे जावा, हे ठीकच. पण गुडघा पूर्ण सरळ होतोय का, हे विचारायचं राहतं. न झाल्यास माणूस कायम लचकत चालतो. घरची माणसं प्रेमाने गुडघ्याखाली उशी देतात, ती काढा. उशी द्यायचीच तर टाचेखाली द्या. तुमच्या फिजिओने पहिल्या आठवड्यात उशीबद्दल विचारलं असेल, तर माणूस बरा आहे असं समजा.

जोरात दाबतो तो फिजिओ चांगला का? आमच्या वहिनी म्हणतात, डोळ्यांत पाणी आलं तरच सांधा सुटतो.

वहिनींना नमस्कार सांगा. व्यायामानंतर थोडं दुखणं चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते उतरायला हवं. रात्रभर ठणकत असेल, सूज वाढत असेल तर मात्रा जास्त झाली. किंचाळी हे काही मोजमाप नव्हे.

वडिलांना पॅरालिसिसचा झटका आलाय. गुडघ्यासाठी येणारेच फिजिओ बोलवू का?

त्यांनाच विचारा, "तुम्ही असे पेशंट नेहमी बघता का?" प्रामाणिक माणूस खरं सांगेल. हे काम वेगळं आहे. झटक्यानंतरची सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात वेगाने होते, त्यामुळे हे आठवडे शेक देण्यात घालवणं परवडत नाही. काय व्हायला हवं? अंथरुणावर कूस बदलणं, काठावर बसणं, उभं राहणं, आणि ते पुन्हा पुन्हा, दिवसातून अनेकदा. नुसते हात-पाय वर-खाली करून देऊन जाणारा असेल तर त्या वेळात वडील स्वतः किती हलले, हे मोजा. आणि लुळ्या हाताला धरून कोणीही त्यांना ओढून उठवू नये. खांदा त्याने कायमचा दुखावतो, मग ओढणारा मुलगा असो की फिजिओ.

सयाजी हॉस्पिटलच्या आवारात सरकारी फिजिओथेरपी कॉलेज आहे. तिथे गर्दी असते, शिकाऊ मुलं-मुली हाताळतात म्हणून लोक नाक मुरडतात. मला त्यात एक फायदा दिसतो: शिकणाऱ्याला रोज कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं की हे का केलं. खासगी क्लिनिकात, माझ्यासकट, असं विचारणारं कोणी नसतं.

हाडवैद्याकडे जावं का? आमचे आजोबा तर आखाड्यातच जायचे.

जुम्मादादा व्यायाममंदिर आणि प्रो. माणिकराव ही नावं ऐकत मोठं झालेल्या गावात मी आखाड्यांना नावं ठेवणार नाही. तालमीतल्या वस्तादाला स्नायू आणि सांध्यांची जाण असते, आणि मेहनत करवून घ्यायची कला तर आमच्यापेक्षा जास्त. माझं एवढंच म्हणणं: पडल्या-आपटल्यानंतर पायावर भार देऊन चार पावलंही टाकता येत नसतील, तर चोळायच्या आणि खेचायच्या आधी एक्स-रे. मोडलेलं हाड ओढून बसवायच्या नादात काय होतं ते पाहिलंय, सविस्तर सांगत नाही.

घरचे व्यायाम आमच्याकडून होत नाहीत. मग फिजिओला दोष कसा द्यायचा?

अर्धा द्या. झेरॉक्स काढलेल्या कागदावरचे चौदा व्यायाम, प्रत्येकी वीस वेळा, दिवसातून तीनदा, हे मलासुद्धा जमणार नाही. स्नायूत खरा जोर यायला सहा ते बारा आठवडे लागतात. तेवढे दिवस टिकेल असंच द्यायला हवं. एक काकू दिवाळीच्या चकल्यांच्या ऑर्डरी घेतात, दिवसभर ओट्याशी उभ्या. त्यांना मी दोनच गोष्टी दिल्या: घाणा तळायला टाकला की ओट्याला धरून टाचा उचलायच्या, आणि पाटाऐवजी खुर्चीवर बसायचं, पण उठताना हात टेकायचा नाही. घाणे मोजले की व्यायामही मोजला जातो. आधीच्या फिजिओने दिलेला कागद त्यांनी फ्रिजवर चिकटवून ठेवला होता, अगदी व्यवस्थित.

उरलेला अर्धा दोष तुमचा. तिसऱ्या खेपेला "रोज करते हो" असं खोटं सांगितलंत तर मी समजणार की व्यायाम लागू पडत नाहीये, आणि बरोबर असलेलं बदलून बसणार.

डॉक्टरांनी ठराविक फिजिओकडेच जा असं बजावलंय. जावंच लागतं का?

नाही. कधी कधी त्यामागे चांगलं कारण असतं: त्या दोघांचं एकमेकांशी बोलणं होतं, ऑपरेशनमध्ये काय केलं ते त्या फिजिओला नीट माहीत असतं. कधी कारण 'कट' असतं. डॉक्टरांनी पेशंट पाठवण्याबद्दल कमिशन देणं-घेणं २००२ च्या आचारसंहितेत निषिद्ध आहे; तरी बाजारात काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. "हेच का?" एवढं विचारा.

कधी फिजिओकडे न येता सरळ डॉक्टरकडे पळायचं?

कंबरदुखीसोबत लघवी-संडासवरचा ताबा गेला, किंवा बैठकीची जागा, मांड्यांची आतली बाजू बधिर झाली: त्याच रात्री हॉस्पिटल, सकाळची वाट नाही. पाऊल अचानक लोंबकळायला लागलं. ताप येतोय, वजन कारण नसताना उतरतंय, रात्री झोपल्यावर दुखणं वाढतंय, आधी कॅन्सर होऊन गेलाय. ऑपरेशननंतर एक पोटरी सुजून गरम झालीय, दुखतेय. डाव्या खांद्याचं दुखणं चालल्यावर येतं आणि थांबल्यावर जातं, सोबत धाप लागते किंवा घाम फुटतो. हे सगळं ऐकूनही जो फिजिओ "आधी पाच सिटिंग करून बघू" म्हणतो, त्याच्या क्लिनिकात चप्पल काढू नका.

फिजिओ बदलायचाय, पण आधीच्या ताईंना वाईट वाटेल. काय करू?

वाटू द्या. कागद मात्र मागून घ्या: पहिल्या दिवशीचे आकडे, आत्ताचे आकडे, काय काय करून झालं. नव्याचे दोन आठवडे त्याने वाचतात.

माझ्याकडूनही पेशंट जातात. कारेलीबागेतल्या एक मावशी गुडघ्यासाठी दोन महिने येत होत्या, मोजमाप जागचं हलत नव्हतं, आणि एक दिवस त्या यायच्याच थांबल्या. पुढे खंडेराव मार्केटात भाजी घेताना दिसल्या, जवळजवळ सरळ चालत. ओशाळल्या बिचाऱ्या. कोणाकडे जाता विचारलं, तर माझ्याहून दहा वर्षांनी लहान मुलगी निघाली. तिला फोन केला, काय वेगळं केलंस म्हणून. ती म्हणाली, "मॅडम, गुडघा नव्हताच तो. खुबा आत वळत नव्हता, कळ गुडघ्यात येत होती." माझ्या तपासणीच्या कागदावर खुब्यासाठी रकाना होता. मावशींच्या कागदावर तो कोरा होता.